मशीन बदलण्यापूर्वी होडी मोजा

लहान होडीसाठी नवे मशीन घेताना करावयाचे काही हिशेब

जून लागला की कोकण किनाऱ्यावरील होड्या वर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांना लागू असते. जाळी दुरुस्त करणे, होडीला रंग देणे, मशीन खोलून पाहणे ही कामे याच दिवसांत होतात. आणि याच दिवसांत लहान मच्छीमार आपल्या आयुष्यातील एक मोठी खरेदी करतो, ती म्हणजे होडीचे नवे मशीन. लाख-दीड लाखाच्या पुढचा हा व्यवहार असतो. पण आमचा अनुभव असा की, दोनशे रुपयांची चप्पल घेताना आम्ही पाय घालून पाहतो, आणि मशीन मात्र शेजाऱ्याने घेतले म्हणून घेतो.

रत्नागिरीजवळच्या खाडीत मासेमारी करणारे एक दालदी बांधव अशाच एका सकाळी आमच्याकडे आले. वय साठीच्या घरात, बरोबर धाकटा मुलगा. त्यांची होडी फायबरची, १८ फुटांची. मागे लावलेले ८ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक मशीन १४ वर्षे चालले आणि मे महिन्याच्या अखेरीस खाडीच्या तोंडाशी बंद पडले. उधाणाची ओहोटी होती. होडी समुद्राकडे ओढली जाऊ लागली. बापलेकांनी नांगर टाकला, तो वाळूत धरला म्हणून बचावले. पुढे पाणी थांबेपर्यंत दोन तास बसून राहिले आणि मग वल्ही मारत घरी आले.

आता त्यांच्यासमोर तीन वाटा होत्या. मासळीचा एक व्यापारी १५ अश्वशक्तीच्या नव्या मशीनसाठी उचल द्यायला तयार होता. अट एवढीच की, दोन मोसम सगळी मासळी त्यालाच, त्याच्या भावाने. शहरातील एका दुकानदाराकडे एक मशीन बऱ्याच सवलतीत पडून होते. आणि मुलाच्या मनात बॅटरीवर चालणारे मशीन भरले होते, कारण त्याला पेट्रोल लागत नाही. "तुम्ही धंद्याचे पान लिहिता, तर सांगा, काय घेऊ?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

आम्ही मेकॅनिक नाही. म्हणून त्यांना घेऊन बंदरावर वर्षानुवर्षे मशीन दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. तेथे दिवसभरात जे ऐकले, पाहिले आणि नंतर स्वतः पडताळून घेतले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

जुने मशीन मेले कशाने?

मिस्त्रींनी पहिला प्रश्न पैशांचा विचारला नाही. त्यांनी खालच्या गिअरचा स्क्रू सैल केला. आतून काळसर तेलाऐवजी दुधी, चहासारखे तेल बाहेर आले. मग पंखा काढला. पंख्यामागे दांड्याला तंगूस घट्ट गुंडाळलेली होती.

"चाचा, मशीनला या तंगुशीने मारले," ते म्हणाले.

प्रकार असा होतो. तुटक्या जाळ्याची किंवा गळाची तंगूस पंख्याभोवती अडकते, फिरत फिरत आत जाते आणि रबरी सील कापते. सील कापले की खारे पाणी गिअरच्या तेलात शिरते. तेल दुधी होते, बेअरिंग गंजते, दात झिजतात. वरचे इंजिन ठणठणीत असले तरी पंखा फिरत नाही. दर पंधरा दिवसांनी पंखा काढून पाहिला असता, तर एका सीलवर काम भागले असते.

मिस्त्रींनी नंतर दोन्ही सिलिंडरचा दाब मोजला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यावेत. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मशीन आतून झिजले असे समजावे. येथे एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी आला. म्हणजे गिअर दुरुस्त करूनही पुढे पिस्टन व रिंगचा खर्च होताच. तेव्हा मशीन बदलण्याचा निर्णय योग्य ठरला.

यातून घ्यायचा बोध असा की, नवे घेण्याआधी जुने कशाने गेले ते जाणून घ्यावे. कारण न समजता नवे मशीन लावले, तर तेही त्याच आजाराने जाईल. आणि दोष फक्त गिअरचा असेल व दाब चांगला असेल, तर नव्याच्या नादी न लागता जुने दुरुस्त करणे हाच फायद्याचा सौदा आहे.

घोडे वाढवले म्हणजे वेग वाढतो का?

व्यापाऱ्याचा आग्रह १५ अश्वशक्तीचा होता. आमच्या बांधवांचाही समज होता की, ८ चे १५ झाले की होडी जवळजवळ दुप्पट पळेल. हा समज किनाऱ्यावर सर्वत्र आहे आणि तो महाग पडतो.

पाणी कापत चालणाऱ्या भरलेल्या होडीला एक मर्यादा असते. होडी पुढे जाताना स्वतःच लाट निर्माण करते. ती लाट होडीच्या लांबीएवढी झाली की होडी आपल्याच लाटेच्या खड्ड्यात बसते आणि मग कितीही जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही. यासाठी जहाज बांधणाऱ्यांचा एक साधा हिशेब आहे. पाण्याला टेकणाऱ्या लांबीचे फुटांमध्ये वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे वेगाची मर्यादा नॉटमध्ये मिळते. या होडीची पाण्याला टेकणारी लांबी १६ फूट भरली. १६ चे वर्गमूळ ४. गुणाकार आला सुमारे ५.४ नॉट, म्हणजे तासाला १० किलोमीटर.

एवढा वेग त्यांचे जुने ८ अश्वशक्तीचे मशीन चांगले असताना देतच होते. १५ चे मशीन लावून मिळाले असते ते जास्त पेट्रोल, मागच्या फळीवर जास्त वजन आणि मोठी लाट.

सपाट तळाची, हलकी होडी पाण्यावर उचलून घसरत पळते, तिचा हिशेब निराळा. तिला जास्त घोडे दिले तर वेग खरोखर वाढतो. पण जाळी, बर्फ, मासळी आणि दोन माणसे घेऊन खाडीत फिरणारी गोल तळाची होडी ही त्यातली नव्हे. म्हणून आपली होडी कोणत्या जातीची आहे, हे आधी ओळखावे. शिवाय होडी बांधणाऱ्याने तिला जास्तीत जास्त किती अश्वशक्ती चालेल हे सांगितलेले असते, त्यापुढे कधीही जाऊ नये.

पंख्याकडेही लक्ष द्यावे. पंख्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकू पाहतो ते. ओझे वाहणाऱ्या होडीला कमी पिचचा पंखा लागतो. पूर्ण रेस दिल्यावर मशीनचे फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचत नसतील, तर पिच जास्त आहे असे समजावे. एक इंच पिच कमी केली की मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. अनेकदा "मशीनमध्ये दम नाही" अशी तक्रार असते आणि दोष पंख्याचा असतो.

दांड्याची लांबी: सवलतीमागचे कारण

दुसऱ्या दिवशी आम्ही सवलतीचे मशीन पाहायला गेलो. मशीन नवे होते, पेटी फोडलेली नव्हती. पण मिस्त्रींनी बरोबर मोजपट्टी दिली होती आणि एकच गोष्ट मोजायला सांगितली होती.

होडीवर मागच्या फळीची उंची, म्हणजे मशीन ज्या कडेवर बसते तेथपासून खाली तळापर्यंतचे मध्यावरचे अंतर, १५ इंच भरले होते. बाहेरून लावायच्या मशीनचे दांडे ठरलेल्या लांबीचे येतात. आखूड १५ इंचांचा, लांब २० इंचांचा, आणि त्याहून लांब २५ इंचांचा. सवलतीतले मशीन २० इंची होते. आपल्या भागातील लहान होड्यांना ते बसत नव्हते, म्हणून ते पडून होते आणि म्हणूनच स्वस्त होते.

पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर एक इंच खाली असावी. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, मशीन नुसते ओरडते आणि होडी जागची हलत नाही. लांब पडला तर पंखा विनाकारण खोल राहतो, पाण्याचा अडथळा वाढतो, आणि ओहोटीच्या उथळ पाण्यात पंखा वाळूत किंवा खडपावर आपटतो. रोज भरती-ओहोटी पाहून ये-जा करणाऱ्या माणसाला तो पाच इंचांचा फरक फार मोठा असतो.

दुकानदाराने काही खोटे सांगितले नव्हते. त्याला विचारले नव्हते, म्हणून त्याने सांगितले नव्हते. आमच्या व्यापारी वाचकांनाही येथे एक विनंती. मालात दोष नसला तरी तो माल त्या गिऱ्हाइकाच्या कामाचा नसेल, तर तसे सांगून टाकावे. एक मशीन आज विकले जाणार नाही, पण तो माणूस पुढची वीस वर्षे सुटे भाग तुमच्याकडूनच नेईल.

टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक की डिझेल?

टू-स्ट्रोक मशीन हलके असते, उघडायला सोपे असते आणि गावातल्या मिस्त्रीला त्याची सवय असते. ८ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक सुमारे २७ किलोचे असते, तर त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक ४० किलोच्या आसपास जाते. रोज मशीन काढून खांद्यावर घरी नेणाऱ्याला हे १३ किलो जाणवतात.

पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर जातो. शिवाय पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. ५० ला १ या प्रमाणात म्हटले तरी लिटरमागे २० मिलिलिटर. आपण एक हिशेब मांडू. होडी दिवसाला दोन तास चालते आणि वर्षात २०० दिवस चालते, म्हणजे ४०० तास. टू-स्ट्रोक तासाला ४ लिटर आणि फोर-स्ट्रोक ३ लिटर खाते असे धरले, तर वर्षाला १,६०० व १,२०० लिटर होतात. फरक ४०० लिटरचा. पेट्रोल लिटरला १०० रुपयेच धरले तरी ४० हजार रुपये. त्यात ३२ लिटर टू-स्ट्रोक तेलाची भर पडते. फोर-स्ट्रोकला दर १०० तासांनी तेल बदलायचे म्हटले तरी वर्षाला चारेक लिटर पुरते. म्हणजे फोर-स्ट्रोकसाठी दिलेला जादा पैसा रोज चालणाऱ्या होडीला लवकर परत मिळतो. आठवड्यातून एकदा हौसेने गळ टाकणाऱ्याला मात्र तो मिळायला फार वर्षे लागतील. त्याने टू-स्ट्रोक घेतले तर चूक नाही.

फोर-स्ट्रोकचा एक नियम पाळावा लागतो. पहिल्या २० तासांनंतर तेल बदलावेच लागते, आणि मशीन आडवे ठेवायचे झाल्यास पुस्तकात दाखवलेल्या बाजूवरच ठेवावे लागते, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये जाते.

घासलेटवर चालणारी मशीनही असतात. ती पेट्रोलवर सुरू करून, गरम झाल्यावर घासलेटवर आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर घ्यावी लागतात. परंतु घासलेट नियमाने व परवडेल अशा दराने मिळण्याची खात्री असेल, तरच त्या वाटेला जावे. डिझेल मशीन इंधनाला स्वस्त आणि टिकाऊ खरे, पण जड. शिवाय मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळणारा कराचा परतावा डिझेलवर असतो. मोठ्या होडीला डिझेल शोभते, १८ फुटी फायबर होडीच्या मागच्या फळीला ते पेलेलच असे नाही.

पेट्रोलविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२५ पासून पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते. समुद्रावरची दमट हवा आणि अर्धी रिकामी टाकी अशी गाठ पडली की पाणी तळाशी बसते, आणि मशीन नेमके नको तेथे बंद पडते. यासाठी टाकी व मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा. बंदीच्या दोन महिन्यांत टाकीत पेट्रोल ठेवू नये, कार्बोरेटरही रिकामा करावा. जुनी रबरी नळी मऊ पडली असेल तर बदलावी.

बॅटरीचे मशीन: मुलाचे म्हणणे किती खरे?

मुलाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. होडीच्या बाहेर लावायचे पहिले मशीन विजेचेच होते. गुस्ताव त्रूव्हे या फ्रेंच कारागिराने १८८१ मध्ये पॅरिसच्या सेन नदीत ते चालवून दाखवले. पेट्रोलची मशीन नंतर आली. १९३४ मध्ये अमेरिकेतील फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मोटारीच्या स्टार्टरला दांडा व पंखा जोडून गळ ओढण्यासाठी हळू चालणारे मशीन बनवले. त्यातूनच पुढे मिन कोटा हे नाव झाले. होडीमागे गळ ओढत हळूहळू जाण्यासाठी, आवाज न करता मासळीजवळ सरकण्यासाठी ही मशीन आहेत. इंग्रजीत त्यांना ट्रोलिंग मोटर म्हणतात.

त्यांची ताकद घोड्यांत सांगत नाहीत, पौंडांत सांगतात. पंखा होडीला किती पौंडांनी ढकलतो, तो हा आकडा. ढोबळ नियम असा की, माणसे व सामान धरून दर १०० पौंड वजनाला किमान २ पौंड जोर हवा. किलोत सांगायचे तर एका टनाला ४४ पौंड. या होडीचे भरलेले वजन ७०० किलो धरले, तर ३१ पौंड हा अगदी किमान आकडा झाला. वारा व पाण्याची ओढ धरून ४५ ते ५५ पौंडांचे घ्यावे लागेल. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर साधारण ५५ पौंडांपर्यंतचे मशीन चालते, त्यापुढे २४ व्होल्ट लागतात.

५५ पौंडांचे मशीन पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे हातात राहिले ५० अँपिअर-अवर, अर्थात एक तास, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. वेग मिळतो तासाला पाच-सहा किलोमीटरचा. मात्र वेग निम्मा केला तर लागणारी ताकद जवळजवळ एक अष्टमांशावर येते. म्हणून हळू चालवणाऱ्याला तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते.

मग पेट्रोल मशीन काढून तेवढ्याच ताकदीचे बॅटरीवाले लावता येईल का? ८ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६ किलोवॉट. दोन तासांना १२ युनिट वीज. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून निम्मी वापरली तर ०.६ युनिट मिळते. म्हणजे २० बॅटऱ्या. एकेक २८ किलोची धरली तरी ५६० किलो! होडीत बॅटऱ्याच बसतील, मासळी आणि माणसांना जागा राहणार नाही. लिथियम बॅटरी वजनाला निम्म्याहून कमी असते आणि ८०-९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, पण तिची किंमत आजही लहान मच्छीमाराला जड आहे.

तेव्हा आमचे मत असे की, धरणाच्या किंवा तलावाच्या संथ पाण्यात, किंवा खाडीच्या आत चिंबोरीचे सापळे तपासण्यासाठी बॅटरीचे मशीन उत्तम. खाडीच्या तोंडाशी, उधाणाच्या ओहोटीत, त्याच एका मशीनवर जीव सोपवू नये. तेथे पाण्याची ओढ आणि मशीनचा वेग जवळजवळ सारखे होतात.

ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलेच मशीन घ्यावे. गोड्या पाण्याचे मशीन खाडीत आतून गंजते. दुसरी, मोटारगाडीची बॅटरी लावू नये. ती क्षणभर जोर देण्यासाठी असते, तास-तास उतरवण्यासाठी नव्हे. घरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी जड असते आणि कलंडली की आम्ल सांडते. ई-रिक्षाची किंवा बंद प्रकारची खोलवर उतरणारी बॅटरी बरी. तिसरी, वायर जाड हवी. बॅटरी मशीनपासून तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर वायर होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ५० अँपिअरला सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच जळतात आणि वायर तापते. १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर हे नुकसान पाव-अर्ध्या व्होल्टवर येते. चौथी, बॅटरीजवळच ५०-६० अँपिअरचा ब्रेकर असावा. शिशाची बॅटरी चार्ज करताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती मोकळ्या हवेत चार्ज करावी आणि जवळ विडी ओढू नये.

उचल घ्यावी का?

आता व्यापाऱ्याच्या उचलीविषयी. ती बिनव्याजी होती, असे आमच्या बांधवांनी अभिमानाने सांगितले. आम्ही कागद-पेन घेतले. रोजची सरासरी १५ किलो मासळी धरली आणि व्यापारी बाजारभावापेक्षा किलोमागे २० रुपये कमी देतो असे धरले, तर दिवसाला ३०० रुपये गेले. २०० दिवसांचे ६० हजार. दोन मोसमांचे १ लाख २० हजार. आणि एवढे देऊनही मूळ उचल जशीच्या तशी फेडायची राहतेच. आकडा पाहून ते काही वेळ गप्प राहिले. व्याज या शब्दाला आम्ही भितो ते योग्यच आहे, पण दुसऱ्या दाराने आत आलेले ओझेही ओळखता आले पाहिजे.

पर्याय आहेत. मच्छीमार सोसायटी, जमातीचा बिनव्याजी मदत फंड, नातलगांची भागीदारी यांचा आधी विचार करावा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाचे प्रमाण ठरवले गेले. कोणत्या वस्तूला अनुदान चालू आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन करावी, आणि ती खरेदीच्या आधी करावी. आधी मशीन घेऊन मागाहून अर्ज करणाऱ्यांची निराशा होते.

बिल पक्के घ्यावे, त्यावर मशीनचा नंबर असावा. होडीच्या नोंदणीत नव्या मशीनचा नंबर व अश्वशक्ती नोंदवून घ्यावी. चोरी झाली, अपघात झाला, तर हाच कागद उभा राहतो. आणि दुकानात एक प्रश्न जरूर विचारावा: इम्पेलर, सील आणि झिंकचा तुकडा आज दुकानात आहे का? नसेल तर मशीन कितीही नामांकित असो, विचार करावा. एव्हिनरुडसारख्या शंभर वर्षांहून जुन्या नावाची मशीनसुद्धा २०२० साली बनणे बंद झाले.

कारागिरांसाठी संधी

आमच्या तरुण कारागिरांना यात रोजी आहे. मोटारसायकलचे काम येणाऱ्या मुलाला बाहेरून लावायचे मशीन शिकायला फार वेळ लागत नाही. सील व इम्पेलर बदलणे, दाब मोजणे, वाकलेला पंखा सरळ करणे, कुजलेली मागची फळी नव्याने बांधणे ही कामे बंदीच्या दोन महिन्यांत हात पुरणार नाहीत एवढी असतात. वायरिंग व बॅटरी जाणणाऱ्याला पुढची वर्षे आणखी चांगली आहेत. ठरावीक सुटे भाग ठेवणारे लहानसे दुकान बंदराजवळ असेल, तर मच्छीमाराचे चार दिवस वाचतात आणि दुकानदाराचे घर चालते.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी फुकट सांगाव्यात. खाडीतून आल्यावर मशीन गोड्या पाण्यावर दहा मिनिटे चालवावे. आणि मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा कमरेला बांधावी. माणूस पाण्यात पडला आणि मशीन चालू राहिले, तर होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. ही दोरी सर्वांकडे असते, बांधत कोणी नाही.

आमच्या बांधवांनी काय केले?

त्यांनी ८ अश्वशक्तीचे, आखूड दांड्याचे फोर-स्ट्रोक मशीन घेतले. थोडी शिल्लक होती, थोडी मेहुण्याने भागी घेतली, उरलेले जमातीच्या फंडातून मिळाले. व्यापाऱ्याची उचल नाकारली, पण संबंध तोडले नाहीत. मासळी त्यालाही देतील, भाव जुळला तर. जुन्या मशीनचे चांगले भाग मिस्त्रींनी विकत घेतले. मुलाच्या बॅटरी मशीनचा बेत सोडलेला नाही, पुढच्या वर्षी आतल्या खाडीत सापळ्यांसाठी पाहू, असे ठरले आहे.

१ ऑगस्टला होडी पाण्यात उतरली तेव्हा आम्ही किनाऱ्यावर होतो. निघण्यापूर्वी मुलाने वल्ही आणि नांगर होडीत आहेत का ते पाहिले, लाल दोरी मनगटाला बांधली. वडिलांनी पंख्याकडे बोट दाखवून त्याला एवढेच सांगितले, "जुम्म्याला पंखा काढून बघायचा. तंगूस दिसली तर तिथंच कापायची."

बंदी संपण्याची वाट पाहणाऱ्या आमच्या सर्व बांधवांनीही हीच सवय लावून घ्यावी आणि मशीनच्या दुकानात जाताना खिशात मोजपट्टी न्यावी, ही विनंती.